ॲक्सिऑन : न्यूट्रॉनच्या कोड्यातून निघालेला कण

शिक्षकांच्या एका शिबिरात कृष्णद्रव्यावर बोलून झाले होते. दीर्घिका कशा फिरतात, त्यांच्यात दुर्बिणीला दिसते त्याहून कितीतरी अधिक द्रव्य असले पाहिजे असे का म्हणावे लागते, हे सांगून मी खाली बसणार, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "सर, मग हे इथरसारखेच नाही का झाले? प्रकाशाच्या लाटांना माध्यम हवे, म्हणून एकेकाळी इथर मानला. तो काही सापडला नाही. आता हिशेब जुळत नाही म्हणून न दिसणारे द्रव्य मानायचे. आमची मुलेही उत्तर जुळले नाही की शेवटच्या पायरीत मनाने एखादी संख्या घालतात. आम्ही त्याला लबाडी म्हणतो."

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या दिवशी मी काहीतरी उत्तर दिले; ते बाईंना पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. आज असे वाटते की तेव्हा मी ॲक्सिऑनची गोष्ट सांगायला हवी होती. हा कण कृष्णद्रव्याचा हिशेब जुळवण्यासाठी कोणी कल्पिलेला नाही. तो मानावा लागला तो अगदी वेगळ्या कारणाने, न्यूट्रॉनच्या एका गुणधर्मामुळे. आकाशाशी त्याचे नाते नंतर उघडकीला आले.

हिशेब कुठे चुकतो

हा भाग वाचकांना बहुधा परिचित असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा नावाच्या दीर्घिकासमूहातील दीर्घिकांचे वेग पाहिले. ते इतके जास्त होते की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने हा समूह एकत्र राहणे शक्यच नव्हते. पुढे १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे परिभ्रमण मोजले. आपल्या सूर्यमालेत सूर्यापासून जितके दूर जावे तितका ग्रहांचा वेग कमी होतो. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते, तर नेपच्यून जेमतेम साडेपाच. दीर्घिकेच्या कडेकडेचे तारे मात्र असे मंदावत नाहीत. त्यांना धरून ठेवणारे काहीतरी तिथे आहे आणि ते प्रकाश देत नाही.

आजचा हिशेब प्लँक या उपग्रहाने महास्फोटानंतरच्या प्रारणाच्या केलेल्या मोजणीवरून मिळतो. विश्वातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे ५ टक्के नेहमीचे द्रव्य, सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि उरलेली कृष्णऊर्जा. म्हणजे तारे, ग्रह, धूळ, तुम्ही आम्ही, या सगळ्यांच्या पाचपटीहून अधिक असे हे द्रव्य आहे.

या द्रव्याच्या अंगी तीन गुण हवेत. ते प्रकाशाशी जवळजवळ संबंध न ठेवणारे हवे. ते अब्जावधी वर्षे टिकणारे हवे. आणि तिसरा गुण, जो बोलताना हमखास राहून जातो, तो म्हणजे ते संथ हवे. सुरुवातीच्या विश्वात ते प्रकाशाच्या वेगाने इकडेतिकडे धावत असते तर लहान लहान गुठळ्या पुसल्या गेल्या असत्या आणि दीर्घिका आज दिसतात तशा जमल्याच नसत्या. न्यूट्रिनो इथेच नापास होतो. तो अस्तित्वात आहे, अदृश्य आहे, टिकाऊ आहे, पण फार हलका आणि म्हणून फार वेगवान आहे.

बरीच वर्षे या जागेसाठी पसंती होती ती विंप नावाच्या जड कणांना. प्रोटॉनच्या कितीतरी पट जड असे हे कण सापडावेत म्हणून खोल खाणींत टनावारी द्रवरूप झेनॉन ठेवून शोध चालू आहे. अजून तरी काही हाती आलेले नाही. म्हणून अलीकडे ॲक्सिऑनकडे अधिक लोकांचे लक्ष वळले आहे.

न्यूट्रॉन इतका समतोल कसा?

आता आकाश काही वेळ विसरू या. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, हे आठवीनववीचा विद्यार्थीही सांगतो. पण न्यूट्रॉन आतून रिकामा नाही. त्यात तीन क्वार्क असतात. एकावर अधिक दोन तृतीयांश भार आणि दोघांवर प्रत्येकी उणे एक तृतीयांश. बेरीज शून्य. मात्र बेरीज शून्य असली तरी वाटणी समान असेलच असे नाही. पाण्याच्या रेणूचेच पाहा. त्याचा एकूण भार शून्य, तरी ऑक्सिजनच्या बाजूला ऋणभार झुकलेला आणि हायड्रोजनच्या बाजूला धनभार. अशा रेणूला द्विध्रुव म्हणतात. पाण्यात मीठ विरघळते ते या झुकण्यामुळेच.

मग न्यूट्रॉनमध्येही असा झुकाव आहे का? १९५०च्या दशकापासून हे मोजण्याचा प्रयत्न चालू आहे. एडवर्ड पर्सेल, नॉर्मन रॅम्से आणि त्यांचे विद्यार्थी स्मिथ यांनी १९५७ साली पहिला निकाल प्रसिद्ध केला : झुकाव आढळत नाही. तेव्हापासून प्रयोग कित्येक लाख पटींनी सूक्ष्म झाले. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेतील प्रयोगाचा निकाल २०२० साली आला. उत्तर तेच. ही मर्यादा किती कडक आहे ते असे पाहा. न्यूट्रॉन फुगवून पृथ्वीएवढा केला आणि त्यात एका प्रोटॉनएवढा धनभार व तेवढाच ऋणभार धरला, तर त्या दोन्हींच्या केंद्रांतले अंतर दीड मायक्रॉनच्या वर जाणार नाही. आपल्या केसाची जाडी पन्नास ते शंभर मायक्रॉन असते. पृथ्वीएवढ्या गोळ्यात केसाच्या तिसाव्या-पन्नासाव्या भागाइतकाही झुकाव नाही!

तुम्ही म्हणाल, नसेल झुकाव. शून्य असण्यात नवल ते काय? नवल आहे, आणि ते समजण्यासाठी एक चित्रफीत उलटी फिरवून पाहावी लागेल. न्यूट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो असे समजा. (शब्दशः तसे नाही, पण इथे चालेल.) समजा त्याचा धनभार अक्षाच्या वरच्या टोकाकडे झुकलेला आहे. चित्रफीत उलटी चालवली की भोवऱ्याची फिरण्याची दिशा उलटते, पण धनभार वरचा वरच राहतो. म्हणजे सुलट आणि उलट चित्रफितीतले न्यूट्रॉन वेगळे ओळखू येतील. उलट, भार झुकलेला नसेल तर फरक कळणार नाही. तेव्हा न्यूट्रॉनमधला झुकाव म्हणजे काळाची दिशा ओळखणारे बल.

निसर्ग असा भेद करतच नाही, असे म्हणून सुटता येत नाही. १९६४ साली क्रोनिन आणि फिच यांच्या प्रयोगाने दाखवले की केऑन नावाच्या कणांच्या ऱ्हासात क्षीण बल अशा प्रकारचा भेद करते. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबल बलाच्या समीकरणांतही त्यासाठी जागा आहे. तिथे एक संख्या येते. तिला थीटा म्हणतात आणि ती एक कोन आहे. तो शून्य ते ३६० अंशांपैकी काहीही असू शकतो. तो शून्य नसेल तर न्यूट्रॉन झुकलेला असणार. मोजमाप सांगते की हा कोन एका अंशाच्या दहा कोटीव्या भागापेक्षाही लहान आहे.

शाळा सुटल्यावर वर्गातला पंखा बंद केला की त्याची पाती कुठल्याही कोनात थांबतात. समजा रोज, सगळ्या वर्गांतल्या पंख्यांचे एक पाते नेमके फळ्याच्या दिशेला थांबू लागले, तर आपण 'असेल योगायोग' म्हणून घरी जाणार नाही. काहीतरी ते पाते तिकडे ओढते आहे असा संशय घेऊ आणि खुर्चीवर चढून पाहू. त्यातून हा कोन दोन स्वतंत्र भागांची बेरीज आहे : एक भाग प्रबल बलाचा स्वतःचा, दुसरा क्वार्कांच्या वस्तुमानांतून येणारा. एकमेकांची ओळख नसलेल्या या दोन भागांनी एकमेकांना दहा दशांश स्थळांपर्यंत खोडून काढावे, हे कोणालाही खटकेल.

सुटा काटा

१९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्टो पेचेई आणि हेलन क्विन यांनी एक मार्ग सुचवला. (हेलन क्विन यांचे नाव शिक्षकांनी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. २०१२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील शालेय विज्ञान शिक्षणाचा आराखडा ज्या समितीने केला, तिच्या त्या अध्यक्ष होत्या.) त्यांची कल्पना अशी : थीटा ही कायमची ठरलेली संख्या मानूच नये. तो एक सुटा, फिरू शकणारा काटा मानावा. अवकाशात प्रत्येक बिंदूवर तो आहे. तो शून्याकडे असताना ऊर्जा सर्वांत कमी असते, म्हणून तो आपोआप शून्याकडे वळतो. मुळात तो कोणत्याही कोनात असला तरी चालेल.

हे वर्गात दाखवता येते. साधे होकायंत्र टेबलावर ठेवा. काटा उत्तरेकडे आहे. आता एक पट्टीचुंबक बाजूने हळूहळू जवळ आणा. काटा चुंबकाच्या दिशेकडे वळतो, पण वळून गप्प बसत नाही. तो त्या दिशेच्या पलीकडे जातो, परत येतो, काही वेळ झोके घेत राहतो. चुंबक आणखी जवळ आणला की झोके अधिक जलद होतात. मुलांना दहा झोक्यांचा वेळ मोजायला सांगा. फरक सहज कळतो. आता मनात अशी कल्पना करा की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही नाही आणि पट्टीचुंबकही दूर आहे. मग काटा ज्या कोनात ठेवाल त्या कोनात राहील. त्याला कुठल्याच दिशेचे अगत्य नाही.

हे तीन मुद्दे लक्षात ठेवा. क्षेत्र नसताना काटा कुठेही. क्षेत्र आल्यावर तो एका दिशेकडे. आणि त्या दिशेभोवती त्याचे झोके. पेचेई आणि क्विन यांनी पहिल्या दोन मुद्द्यांनी न्यूट्रॉनचे कोडे सोडवले. तिसरा मुद्दा १९७८ साली स्टीव्हन वाइनबर्ग आणि फ्रँक विल्चेक यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिला : काटा सुटा असेल तर तो झोके घेऊ शकतो, आणि पुंजवादात अशा झोक्यांचा अर्थ एक नवा कण. विल्चेक यांनी त्याला ॲक्सिऑन हे नाव दिले. ते अमेरिकेतल्या एका कपडे धुण्याच्या पावडरीचे नाव होते. या कणाने एक डाग धुऊन काढला, म्हणून ते त्यांना आवडले. भौतिकीतील नावे नेहमीच ग्रीक पंडितांकडून येतात असे समजणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.

मूळ स्वरूपातला ॲक्सिऑन प्रयोगांनी लवकरच बाद ठरवला. मग १९७९ ते १९८१ या काळात काही शास्त्रज्ञांनी त्याची फार हलकी आणि इतर कणांशी फार क्षीण संबंध ठेवणारी रूपे मांडली. ती इतकी क्षीण होती की त्यांना 'अदृश्य ॲक्सिऑन' असेच म्हणू लागले. सिद्धांत वाचला, पण कण कधी सापडणार नाही अशी ती अवस्था होती. बाईंचा इथरचा आक्षेप त्या वेळी घेतला असता तर त्याला सबळ उत्तर नव्हते.

पहिल्या मायक्रोसेकंदातली गोष्ट

१९८३ साली तीन गटांनी एकच प्रश्न विचारला : हा सुटा काटा विश्वाच्या सुरुवातीला काय करत होता? प्रेस्किल, वाइज आणि विल्चेक यांचा एक गट, ॲबट आणि सिकिवी यांचा दुसरा, डाइन आणि फिशलर यांचा तिसरा. त्यांचे तीन निबंध 'फिजिक्स लेटर्स'च्या एकाच खंडात लागोपाठच्या पानांवर आले. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग हाच आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

विश्व अतिशय तप्त असताना प्रबल बलाचा हा 'चुंबक' जणू दूर होता. काट्याला शून्याकडे ओढणारे काही नव्हते. तो एखाद्या कोनात होता. समजा ७० अंशांत, किंवा १३० अंशांत. त्याला शून्यावर असण्याचे काही कारणच नव्हते.

विश्व प्रसरण पावून थंड होत गेले तसा चुंबक जवळ येऊ लागला. तापमान दहा लाख कोटी अंशांच्या आसपास आले तेव्हा ओढ जाणवू लागली. तरी काटा लगेच हलला नाही. का? कारण विश्व त्या वेळी फार वेगाने प्रसरण पावत होते आणि प्रसरण हे काट्याच्या गतीला घर्षणासारखा विरोध करते. (काही घासले जात नाही, समीकरणात मात्र ते घर्षणाच्याच जागी येते.) घट्ट तेलात बुडवलेला होकायंत्राचा काटा डोळ्यांपुढे आणा. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, ज्या झोक्याला विश्वाच्या त्या वेळच्या वयापेक्षा जास्त वेळ लागणार, तो झोका सुरूच कसा व्हायचा?

पण वय वाढत होते आणि ओढ वाढल्यामुळे झोक्याचा कालावधी घटत होता. एका क्षणी दोन्ही सारखे झाले. विश्वाचे वय तेव्हा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी होते. त्या क्षणी काटा सुटला आणि शून्याभोवती झोके घेऊ लागला. पुढे प्रसरणाबरोबर झोके लहान होत गेले, पण ते कधीच पूर्ण थांबले नाहीत. हे उरलेले झोके म्हणजेच ॲक्सिऑनचे द्रव्य. न्यूट्रॉन आज झुकलेला दिसत नाही आणि दीर्घिका मात्र जास्त द्रव्य असल्यासारख्या फिरतात, ही दोन्ही एकाच काट्याच्या प्रवासाची फळे असू शकतात.

गणित केले तर हे झोके हुबेहूब द्रव्यासारखे वागतात. विश्वाचे आकारमान आठपट झाले की त्यांची घनता एक अष्टमांश होते, धुळीची व्हावी तशी. आज हे झोके किती मोठे आहेत? आपल्या आसपासचे सारे कृष्णद्रव्य ॲक्सिऑनचे आहे असे धरले तर काटा शून्याच्या दोन्ही बाजूंना रेडियनच्या एक अब्जांशाचा पुन्हा एक अब्जांश, त्याच्याही निम्म्याहून कमी इतकाच हलतो. एवढ्याशा थरथरण्याने दीर्घिका बांधलेल्या आहेत!

आता एक शंका चाणाक्ष विद्यार्थी नक्की काढेल. ॲक्सिऑन इलेक्ट्रॉनच्या काही हजार कोटी पट हलका. न्यूट्रिनोपेक्षाही हलका. मग न्यूट्रिनो वेगवान म्हणून नापास, तर हा संथ कसा? त्यासाठी शाळेचे मैदान आठवा. मधल्या सुट्टीत मुले वाट फुटेल तिकडे धावत असतात, एकमेकांवर आदळतात. तप्त विश्वात टकरींतून जन्मलेले कण असे असतात. त्यात जो हलका तो जास्त पळणार. कवायतीच्या तासाला तीच मुले शिट्टीच्या तालावर एकदम हात वर करतात, एकदम खाली घेतात. हालचाल आहे, पण जागा सोडून कोणी पळत नाही. ॲक्सिऑन टकरींतून आलेला नाही, तो सगळीकडे एकाच तालात हलणाऱ्या काट्यातून आला आहे. म्हणून तो हलका असूनही थंड. 'हलका म्हणजे वेगवान' हा नियम नाही. जन्म कसा झाला यावर ते अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. ॲक्सिऑन जितका हलका, तितके त्याचे द्रव्य आज जास्त भरते. हलका म्हणजे ओढ कमी, झोका मंद, म्हणून काटा उशिरा सुटतो. आणि उशिरा सुटलेल्या झोक्यांना विरळ व्हायला प्रसरण कमी मिळते. वस्तुमान फारच कमी धरले तर द्रव्य इतके जास्त होते की विश्व आज आहे तसे असणारच नाही. मग सुरुवातीचा कोन योगायोगाने फार लहान होता असे मानावे लागते.

हा सुरुवातीचा कोन हीच अडचण आहे. विश्वाच्या अतिवेगवान फुगण्याच्या टप्प्याआधी काटा निर्माण झाला असेल, तर आपल्याला दिसणाऱ्या साऱ्या विश्वात एकच कोन असणार आणि तो किती हे कोणताही सिद्धांत सांगत नाही. तो टप्पा संपल्यावर निर्माण झाला असेल तर जागोजागी कोन वेगळे. मग सरासरी काढता येते, पण वेगवेगळे कोन एकमेकांना भिडतात तिथे दोऱ्यांसारखे गुंते तयार होतात आणि त्यांच्यातूनही ॲक्सिऑन बाहेर पडतात. मोठ्या संगणकांवर हे गणित करणाऱ्या गटांची उत्तरे अजून जुळलेली नाहीत. कोणाचे वस्तुमान पंचवीस मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येते, तर कोणाचे पाचशेच्याही वर. (इलेक्ट्रॉनचे वस्तुमान याच मापात सुमारे पाच लाख पूर्ण इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे.)

वरची मर्यादा ताऱ्यांनी घालून दिली आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलन मेघात एक तारा फुटला. जपान, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ इथल्या उपकरणांत मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो सापडले आणि ते दहा-बारा सेकंदांत पसरलेले होते. ॲक्सिऑन फार जड, म्हणजेच इतर कणांशी अधिक जवळीक ठेवणारा असता, तर त्याने त्या ताऱ्याच्या गाभ्यातली उष्णता आधीच बाहेर नेली असती आणि न्यूट्रिनोंचा झरा लवकर आटला असता. दोन डझन कणांनी एवढे सांगावे, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

रेडिओचे बटण

अदृश्य ॲक्सिऑन सापडूच शकत नाही, ही समजूत १९८३ साली पिएर सिकिवी यांनी मोडली. तीव्र चुंबकीय क्षेत्रात ॲक्सिऑनचे रूपांतर क्वचित प्रकाशकणात होऊ शकते. हा प्रकाश डोळ्यांना दिसणारा नव्हे, तर रेडिओलहरींच्या पट्ट्यातला. वस्तुमान ठरले की वारंवारता ठरली : एका मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे २४२ मेगाहर्ट्झ. दहा मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा ॲक्सिऑन असेल तर वारंवारता जवळपास स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची.

अशा कणांची टंचाई नाही. पृथ्वीच्या साऱ्या आकारमानात कोणत्याही क्षणी कृष्णद्रव्य अर्धा ते एक किलोच असते, पण तेच ॲक्सिऑनचे असेल तर एका घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे फाशाएवढ्या जागेत, तीस लाख कोटी कण येतात. अडचण आहे ती रूपांतराच्या दुर्मिळपणाची. म्हणून तांब्याचा मुलामा दिलेले एक बंद दंडगोल पिंप घ्यायचे, ते प्रबळ चुंबकात ठेवायचे आणि आतल्या सळया सरकवून त्याची अनुनादाची वारंवारता हळूहळू बदलत जायचे. बाटलीत पाणी भरताना स्वर चढत जातो, तसाच हा अनुनाद. नेमक्या वारंवारतेला आलो की आतली क्षीण लहर थोडी बळावेल.

अमेरिकेतील सिॲटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात ॲडमेक्स हा असा प्रयोग चालतो. पिंप सुमारे मीटरभर उंच आहे, चुंबक आठ टेस्लाच्या घरातला आणि तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या दहाव्या भागाएवढे. संकेताची अपेक्षित शक्ती एका वॅटच्या तुलनेत इतकी कमी की दशांश चिन्हापुढे बावीस शून्ये द्यावी लागतील. २०१८ ते २०२१ या काळात प्रसिद्ध झालेल्या निकालांत या गटाने सुमारे ६४० ते १०२० मेगाहर्ट्झचा पट्टा तपासला, तोही ॲक्सिऑनच्या क्षीण मानल्या गेलेल्या रूपाला पकडण्याइतक्या बारकाईने. हा पट्टा मोबाइल टेलिफोनच्या लहरींचाही आहे, त्यामुळे पिंपात बाहेरचे काही शिरू नये याची किती काळजी घ्यावी लागत असेल याची कल्पना करा. ॲक्सिऑन मिळाला नाही. दक्षिण कोरियातील गटानेही याच तोडीची संवेदनक्षमता गाठली आहे, तर येल विद्यापीठाचा गट वरच्या वारंवारतेकडे शोधतो आहे.

वेळ का लागतो तेही पाहू. ॲक्सिऑनचा संकेत फार अरुंद असतो; एक हजार मेगाहर्ट्झला त्याची रुंदी सुमारे एक किलोहर्ट्झ. म्हणजे एक हजार ते दोन हजार मेगाहर्ट्झ एवढ्याच टप्प्यात लाखो 'केंद्रे' आणि त्यातले एकच बोलणारे, तेही कुजबुजत. जुन्या रेडिओचे बटण अंधारात केसाकेसाने फिरवत राहण्याचे हे काम. शोधणारे पेंगू नयेत म्हणून ॲडमेक्समध्ये कधी कधी निकाल तपासणाऱ्यांना न सांगता यंत्रात खोटा संकेत सोडला जातो. अचानक चाचणी घेण्याची ही पद्धत आपल्याला ओळखीचीच आहे.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर यात कुठे आहे? ॲक्सिऑन नसेलही. न्यूट्रॉनचे कोडे दुसऱ्या मार्गाने सुटेल आणि कृष्णद्रव्य आणखी कशाचे तरी निघेल, हे शक्य आहे. १८४६ साली युरेनसच्या गतीतील फरकावरून लव्हेरिए यांनी न दिसणारा ग्रह सांगितला, तो नेपच्यून म्हणून सापडला. १८५९ साली बुधाच्या गतीवरून त्यांनीच आणखी एक ग्रह सांगितला. तो नव्हताच, आणि फरकाचे खरे कारण १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतातून मिळाले. माणूस तोच, रीत तीच. शेवटच्या पायरीत संख्या घालणारा मुलगा आणि हे लोक यांच्यातला फरक मला असा दिसतो की मुलगा वही मिटवतो, आणि हे लोक त्या संख्येतून आणखी काय काय निघते ते काढून ती खोटी ठरवण्याची सोय करतात. ॲक्सिऑनच्या बाबतीत तर संख्या एका वहीत घातली आणि ती दुसऱ्याच वहीतल्या उदाहरणात उपयोगी पडली.

संकेत मिळाला तर तो खरा की खोटा हे कसे कळेल? चुंबक बंद केल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. वारंवारता कळवल्यावर, त्या पट्ट्यातले पिंप असलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेला शोधत बसावे लागणार नाही, सरळ तिथेच बटण लावून पाहता येईल. आणि मग थांबायचे वर्षभर. सूर्य आपल्याला घेऊन आकाशगंगेतल्या कृष्णद्रव्यातून धावतो आहे. पृथ्वी त्याच्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. जूनच्या सुमारास हे दोन वेग बरेचसे एका दिशेला असतात, डिसेंबरमध्ये विरुद्ध. म्हणून त्या अरुंद संकेताची रुंदी आणि जागा जूनमध्ये किंचित वर आणि डिसेंबरमध्ये किंचित खाली सरकलेली दिसायला हवी.